श्रावणी सोमवारचं कणीस

गुणाजी परुळेकरने जन्मात स्वतःच्या हातांनी एकच पदार्थ केला, आणि त्या पदार्थाने त्याची अशी वाट लावली की बोरिवलीच्या बाभई नाक्यावरून जाताना तो अजून मान खाली घालून जातो. पदार्थ काय, तर कणीस. साधं मक्याचं कणीस. त्यात वाटणघाटण नाही, तळण नाही, काही नाही. गॅसवर धरायचं, भाजायचं, दाणे सोलायचे, वर मीठ, लिंबू, मूठभर खोबरं. पाच मिनिटांचं तोंडी लावणं. पाच मिनिटांत माणूस स्वतःचं किती नुकसान करून घेऊ शकतो याला काही मर्यादा असेल, अशी गुणाजीची तोवर समजूत होती.

खरा दोष श्रावणाचा. परुळेकरांचं घर मूळचं वेंगुर्ल्याकडचं. मासळीशिवाय घास म्हणजे या घरात आजारपण समजलं जाई. पण श्रावण लागण्याच्या आदल्या दिवशी त्याची बायको वनमालावहिनी मासळीचा तवा, विळी, कालवणाचं मडकं आणि त्या गोतातलं आणखी जे काय असेल ते जुन्या लुगड्यात बांधत आणि ते गाठोडं माळ्यावर चढवत. मग एक महिना वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, भोपळ्याची भाजी, पुन्हा अळूचं फदफदं. गुणाजी जेवताना अधूनमधून वर माळ्याकडे बघे. ते गाठोडं त्याला फार जवळचं वाटे.

बरं, एरवी दर श्रावणात तो ऑफिसच्या कँटीनमध्ये सुरमईचा एखादा तुकडा गुपचूप खाऊन घेत असे. या वर्षी तेही बंद. कारण 'कृपासागर' सोसायटीच्या सत्यनारायणाला या वर्षी यजमान म्हणून बसायचा मान परुळेकर जोडप्याचा होता.

सोसायटीत राहणाऱ्यालाच या मानाचं वजन कळेल. दर श्रावणात गच्चीवर पूजा. दर वर्षी एक जोडपं. मागच्या खेपेला परुळेकरांची पाळी आली तेव्हा नेमकं गुणाजीच्या चुलत्याचं सुतक आलं आणि वनमालावहिनींनी दुसऱ्या बाईला पाटावर बसलेलं जिन्यातून पाहिलं होतं. त्या दिवसापासून त्या वाट पाहत होत्या. लग्नातला शालू पेटीतून निघून उन्हं खाऊन आला होता. विक्रोळीच्या भावाला, परळच्या नणंदेला, सगळ्यांना आमंत्रणं गेली होती. "माझ्या माहेरची माणसं कधी या बिल्डिंगीत आली तर पाणी नाही आणि लिफ्ट बंद एवढंच बघून गेलीत," त्या म्हणाल्या होत्या. "एकदा मला पाटावर बसलेली बघू देत. अहो, एवढा महिना तोंड सांभाळा. मला दुसरं काही नको."

गुणाजीने शब्द दिला आणि पाळला. हे नीट लक्षात ठेवायला हवं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच तो श्रावणात संपूर्ण निर्दोष होता, आणि त्याच श्रावणात तो पकडला गेला.

सोमवारी ऑफिस लवकर सुटलं. स्टेशनाबाहेर गाडीवर हिरवीगार कणसं रचलेली होती. गुणाजीच्या मनात आलं, वहिनींचा दिवसभराचा उपास, संध्याकाळी पानावर पुन्हा ते अळू, आपण आज काहीतरी तोंडी लावणं करावं. हा विचार त्याला नेमका कुठून सुचला हे त्याचं त्यालाही पुढे सांगता आलं नाही. घरी आला तर वहिनी शंकराच्या देवळात गेलेल्या. मैदान मोकळं होतं.

मैदान मोकळं होतं असं त्याला वाटलं, एवढंच. कणसं सोलतोय तोच समोरचा चंद्रप्रकाश वागळे दारात उभा. चंद्रप्रकाश बँकेत होता आणि त्याला बँक सोडून सगळ्यातलं कळत असे.

"काय रे, कणीस? गॅसवर? अरे यार, एकदम सिंपल आहे. डायरेक्ट बर्नरवर ठेव. आमची शुभा तसंच करते."

गुणाजीने कणीस डायरेक्ट बर्नरवर ठेवलं. ते गडगडत खाली आलं आणि ओट्याखालच्या डालड्याच्या डब्यामागे गेलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा गेलं.

"हाताने धर ना," चंद्रप्रकाश म्हणाला.

हाताने धरलं. एक दाणा फटकन उडाला आणि गणपतीच्या तसबिरीवर आपटला. दुसरा गुणाजीच्या चष्म्यावर. तिसऱ्याच्या वेळी चंद्रप्रकाश दारापर्यंत मागे सरकला आणि तिथून म्हणाला, "तुझी आच मोठी आहे. आणि तुझा मका पण तसलाच दिसतोय." मग त्याला घरी काहीतरी काम आठवलं.

आता कणीस एका बाजूने काळंकुट्ट आणि दुसऱ्या बाजूने कच्चं होतं. पण गुणाजी हट्टाला पेटला होता. त्याला जाळी हवी होती. ओट्यावर शोधली, फळीवर शोधली. शेवटी स्टुलावर चढून माळ्यावर हात घातला, काहीतरी तारेचं हाताला लागलं, ते ओढून काढलं. जाळी! त्याने ती गॅसवर ठेवली, वर कणसं मांडली, आणि काय सांगावं, कणसं गडगडायची थांबली. सुंदर धूर निघू लागला. तो खिडकीतून वर गेला. गुणाजीने दाणे सोलले, खोबरं खवलं, लिंबू पिळलं. जाळी पुसून होती तिथे ठेवून दिली, कारण माळ्याला हात लावलेला वहिनींना खपत नसे.

वहिनी आल्या. पान वाढलं. त्यांनी चार दाणे तोंडात टाकले आणि थबकल्या. गुणाजीकडे बघितलं. पुन्हा चार दाणे घेतले.

"तुम्ही केलंत?"

"हो."

"छान लागतंय," वहिनी म्हणाल्या आणि आणखी वाढून घेतलं.

एवढ्या वर्षांच्या संसारात 'छान' हा शब्द गुणाजीच्या वाट्याला प्रथमच आला होता. त्याला भरून आलं. आपण वाया गेलेला माणूस नाही असं त्याला साधारण अर्धा तास वाटलं.

अर्ध्या तासाने तिसऱ्या मजल्यावरच्या मथुराकाकू जिना उतरून आल्या. मथुराकाकूंचं नाक हे कृपासागरचं भूषण होतं. मागे एकदा तळमजल्यावर गॅस गळत होता तो त्यांना तिसऱ्या मजल्यावर झोपेत कळला आणि बिल्डिंग वाचली. तेव्हापासून त्या नाकाबद्दल शंका घ्यायची कोणाची टाप नव्हती.

"वनमाला," काकू दारातूनच म्हणाल्या, "तुमच्याकडे आज सुका बोंबील कोणी भाजला गो?"

वहिनींचा चेहरा पांढरा पडला. गुणाजी हसला. खरोखर मनापासून हसला, कारण तो निर्दोष होता. "काकू, कणीस! मक्याचं कणीस भाजलं मी!"

"बाबा, माझे केस बोंबलाच्या धुरात पांढरे झाले," काकू म्हणाल्या. "मला कणीस नको सांगू." आणि त्या वर गेल्या. त्यांचा आवाज मात्र खालीच राहिला. दिवेलागणीपर्यंत तो सगळ्या मजल्यांवर पोचला होता.

मंगळवारी गॅस पेटेना. एका बाजूने फुरफुर, दुसऱ्या बाजूने काहीच नाही. कणसाचा रस आणि केस बर्नरच्या भोकांत जाऊन बसले होते. गुणाजी एजन्सीच्या खिडकीशी रांगेत उभा राहिला.

"दूध उतू गेलं?" आतल्या इसमाने मान वर न करता विचारलं.

"नाही, कणीस भाजलं."

"दूध, भाताची पेज किंवा झुरळ. कणीस असं कारण आमच्यात येत नाही."

"पण खरं कारण कणीस आहे हो."

"मग माणूस नाही मिळणार. पुढे सरका."

शहाण्या माणसाने दूध सांगितलं असतं. पण बिल्डिंगीत आदल्या दिवसापासून कणसाच्या सत्यतेवरच शंका घेतली जात होती. गुणाजीला तो शब्द सोडवेना. तो खिडकीशी मोठमोठ्याने "कणीस! कणीस!" म्हणत राहिला, आणि मागे रांगेत वागळ्यांची शुभा उभी होती हे त्याला बाहेर पडताना दिसलं. ती घरी येऊन म्हणाली, "बिचारे भावजी. आता एजन्सीत पण तेच सांगत सुटलेत. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, अगदी तसं." निदान तिने असं म्हटल्याचं सगळे सांगत होते. पुढच्या वर्षीच्या पूजेला वागळे जोडप्याची पाळी होती. परुळेकर वगळले गेले तर ती याच वर्षी येणार होती.

बर्नर शेवटी वहिनींनी सुईने टोचून टोचून मोकळा केला. त्या काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नसल्या की गुणाजीला जास्त भीती वाटे.

बुधवारी नाक्यावर सखुबाई भेटली. सखुबाई गोराईची कोळीण, परुळेकरांची ठरलेली. पावसाळ्यात ताजी मासळी नसली की ती सुकी घेऊन बसे. गुणाजी तिला टाळून पलीकडच्या बाजूने चालला होता, तेवढ्यात तिची हाक सगळ्या नाक्यावरून आली.

"ए गुणाजीभाऊ! सोमवारी बोंबील खाल्लास म्हनं?"

"सखुबाई, हळू बोल गं! नाही खाल्ला!"

"खाल्लास तर खाल्लास, माजं काय नाय. पन मग माज्याकडनं का नाय घेतलास? कंच्या बयेकडनं घेतलास, ते सांग!" तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं होतं. गुणाजीला काय करावं सुचेना. त्याने तिची समजूत घालायला टोपलीजवळ बसून दोन शब्द सांगितले. त्याच वेळी सेक्रेटरी हरेश्वर सामंत छत्री घेऊन समोरून गेले. त्यांनी गुणाजीकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं आणि छत्री थोडी खाली केली.

हरेश्वर सामंत कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. जन्मभर न्यायाधीशाच्या खाली बसून काढल्यामुळे आता जरा वर बसायची त्यांची इच्छा राहून गेली होती. त्यांनी गुरुवारी कमिटी बोलावली. गुणाजी "माझं ऐका तरी" म्हणाला, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"परुळेकर, मी तुम्हाला दोषी म्हणत नाही. पण पूजा सार्वजनिक आहे, वास सार्वजनिक होता. तेव्हा खुलासाही सार्वजनिक हवा. शनिवारी संध्याकाळी तुम्ही तेच कणीस, त्याच गॅसवर, त्याच पद्धतीने भाजा. मथुराकाकू वर आपल्या घरी बसतील. तोच वास आला तर तो कणसाचा. तुम्ही सुटलात. नाही आला तर मात्र पाटावर वागळे बसतील."

"एकदम फेअर आहे यार," चंद्रप्रकाश म्हणाला.

गुणाजीला वाटलं, सुटलो. सत्य आपल्या बाजूला आहे. माणूस कितीही घाबरट असला तरी सत्य बाजूने असलं की त्याला जरा जोर येतो, आणि तिथेच तो फसतो. त्याने शनिवारी गाडीवरची सगळ्यांत चांगली कणसं निवडून आणली.

स्वयंपाकघर मुळात दोन माणसांचं. त्यात सामंत, चंद्रप्रकाश, शुभा आणि पूजेची यादी द्यायला आलेले धोंडूभटजी इतके जण उभे. वहिनी कोपऱ्यात, पदर खोचून, गप्प.

"सोमवारी कणीस कशावर ठेवलं होतं?" सामंतांनी विचारलं.

"जाळीवर." गुणाजी स्टूल ओढू लागला.

"ती जाळी नाही सापडत आता," वहिनी झटकन म्हणाल्या. "ही घ्या." आणि त्यांनी फळीमागून पापडाची नवीकोरी जाळी काढून पुढे केली.

जाळी ती जाळी, असं म्हणून गुणाजीने कणसं भाजली. काय झकास भाजली! एक दाणा उडाला नाही, एक बाजू करपली नाही. गोडसर, खमंग वास सुटला. धोंडूभटजींनी न राहवून दोन दाणे उचलले. धूर खिडकीतून वर गेला. सगळे माना वर करून छताकडे बघत राहिले.

जिन्यात पावलं वाजली. मथुराकाकू आल्या.

"हे कणीस," त्या म्हणाल्या. "छान आहे. मला पण द्या हो थोडं. पण सोमवारी होता तो बोंबील. देवाशपथ सांगते."

शुभा पदराशी चाळा करू लागली. गुणाजी खुळ्यासारखा जाळीकडे बघत राहिला. मग त्याची नजर सवयीने वर माळ्याकडे गेली. गाठोड्याकडे. लुगड्याच्या एका कोपऱ्यातून जुन्या, काळ्या, तेलकट जाळीचं टोक बाहेर डोकावत होतं. पावसाळ्यात दर रविवारी त्याच जाळीवर वहिनी सुके बोंबील भाजत. लग्नापासून.

रवळनाथा! तो काय करून बसला होता ते त्याला आता कळलं. खरं सांगायला तो तोंड उघडणार होता. "काकू, तुमचं नाक बरोबर आहे, कणीसही बरोबर आहे, जाळी चुकली." एवढंच. तो सुटला असता. पण वहिनींचं काय? श्रावणी सोमवारचा उपास त्यांनी सोडला होता तो बोंबलाच्या जाळीवरच्या दाण्यांनी. दोनदा वाढून घेऊन. हे सगळ्यांसमोर कळलं तर त्या स्वतःच पाटावर बसणार नाहीत. शालू पुन्हा पेटीत जाईल. विक्रोळीचा भाऊ येईल आणि पुन्हा बंद लिफ्ट बघून जाईल.

गुणाजी म्हणाला, "मीच खाल्ला बोंबील."

"परुळेकर!"

"मीच. गॅलरीत स्टोव्हवर भाजला. हिला काही माहीत नाही. हिने कणीसच खाल्लं. हिचा उपास चोख आहे." त्याचा आवाज चिरकला. "राहवलं नाही मला. काय करू! माणूस आहे."

आयुष्यात पहिल्यांदा निर्दोष राहिलेला माणूस स्वतःच्या तोंडाने स्वतःचं वाटोळं करत होता आणि सगळे त्याच्याकडे समाधानाने बघत होते. चंद्रप्रकाशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं रे असं कधीकधी," तो म्हणाला. तो हात गुणाजीला शिवीपेक्षा लागला.

सामंतांनी चष्मा पुसला. "म्हणजे प्रश्न असा, की वहिनी निर्दोष आहेत, पण जोडपं अपुरं आहे."

"मग आम्ही..." शुभाने सुरुवात केली.

"त्यात काय अडलंय?" धोंडूभटजी आणखी चार दाणे तोंडात टाकत म्हणाले. "बायको हजर नसली की यजमान सुपारी घेऊन बसतोच की नाही? इथे नवरा नाही, तर नवऱ्याच्या जागी सुपारी. पाटावर ठेवू. देवाला चालतं."

वहिनींनी गुणाजीकडे बघितलं. तो ओट्याकडे तोंड करून गॅसची कळ पुन्हा पुन्हा बंद करत होता. ती केव्हाच बंद झाली होती.

पूजा झाली. गच्ची भरली होती. विक्रोळीचा भाऊ, परळची नणंद, सगळे आले. वनमालावहिनी शालू नेसून पाटावर बसल्या. शेजारच्या पाटावर, तांदळाच्या लहानशा राशीवर, एक सुपारी बसली होती. तिला गंध लावलं, अक्षता वाहिल्या, पोथी चालू असताना कोणीतरी तिच्यावरची माशीही हाकलली. गुणाजी जिन्याच्या दारात चपलांजवळ उभा होता. आलेली माणसं त्याला ओलांडून जात होती. "तब्येत बरी नाही का यजमानांची?" असं कोणी विचारलं की कोणीतरी कानात काहीतरी सांगे आणि विचारणारा हळूच मागे वळून बघे. वहिनींच्या भावाने तर फोटोही काढला. त्यात वहिनी आल्या, देव आला, सुपारी आली. गुणाजी तेवढा आला नाही.

मात्र वहिनींचा चेहरा त्याने दारातून पाहिला. इतका तेजाळ चेहरा त्याने लग्नातही पाहिला नव्हता, कारण लग्नात त्याने मान वर केली नव्हती. त्याचे डोळे भरले. ते का भरले, अपमानाने की कशाने, याचा विचार करायच्या मनःस्थितीत तो नव्हता.

संध्याकाळी पाहुणे गेले. वहिनी घरात आल्या, देवघरासमोर बसल्या आणि पदराच्या गाठीतून ती सुपारी काढून देवाशेजारी ठेवली.

"ही बरी," त्या म्हणाल्या. "एका जागी गप बसता. कणसा भाजूक उठणा नाय." चार भिंतींच्या आत त्या मनापासून बोलू लागल्या की मालवणीत बोलत.

वहिनींनी प्रसादाचा द्रोण त्याच्यापुढे ठेवला आणि खाली बघत म्हणाल्या, "जाळी मी परत घासून गाठोड्यात ठेवलीय. नीट बांधून."

गुणाजीचा हात द्रोणातच राहिला. "तुला माहीत होतं?"

"पयल्या घासाकच कळला माका. माझी जाळी माका कळाची नाय?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"काय बोलतलंय? अर्धा श्रावण अळू खातंय. जिभेक इतक्या बरा वाटला..." वहिनी गोऱ्यामोऱ्या झाल्या. "देवाला मी त्याच रात्री सांगून टाकलं होतं सगळं. त्याच्यापाशी तुमच्यासारखं खोटं नाही बोलले. आणि तुम्ही सगळ्यांसमोर असं काही बोलाल हे मला काय ठाऊक! मला तर वाटलं होतं, तुम्ही माझ्या जाळीचंच नाव सांगाल." त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

गुणाजीने हात द्रोणातून काढून घेतला. अब्रू गेली, पाट गेला, फोटो गेला. सखुबाई अजून बोलत नव्हती. या सगळ्यात त्याच्यापाशी आता एकच गोष्ट शिल्लक होती आणि ती तरी आपली आहे ना, हे त्याला विचारून घ्यायचं होतं.

"पण तू छान म्हणालीस," तो म्हणाला. "कणीस छान झालं होतं ना?"

जाळी लपवली तेवढं सोडलं, तर वहिनींना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांनी आणखी थोडा शिरा त्याच्या द्रोणात वाढला.

"कणीस करपलेला होता ओ," त्या म्हणाल्या. "जाळी बरी होती."